नाकातली घुरघुर आणि छातीतला खळगा

"ताई, रात्रभर बाळाची घुरघुर चालते. मध्येच श्वास थांबतो, मग भराभर घेतं. न्यूमोनिया तर नाही ना?" 22 दिवसांचं बाळ घेऊन आलेल्या आईचे डोळे जागरणाने सुजले होते. सोबत सासूबाई. त्यांचं निदान तयारच: कफ झालाय, नाकात दोन थेंब तेल सोडू म्हटलं तर ही ऐकत नाही. (नाही ऐकलं तेच बरं. तेल फुफ्फुसात उतरलं की नवीनच दुखणं.)

बाळ दूध पिऊन झोपलं तसं दुपटं सोडायला लावलं, झबलं वर सरकवलं. पोट वर येऊन खाली गेलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की फसगत, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतोच. मध्ये पाच-सहा सेकंद पोट हललं नाही, तेव्हा तिने माझं मनगट गच्च धरलं. पुन्हा हललं. मिनिटाला भरले 44. एवढा थांबा या वयात चालतो. 20 सेकंद थांबला किंवा ओठ निळे पडले तर मुळीच नाही. घुरघुर नाकातली होती. तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, मग चिमूटभर शेंबूडही केवढा वाजतो! डॉक्टरांनी छाती तपासली, सलाइनचे थेंब दिले.

मी तिला आकडे लिहून दिले. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षापर्यंत 50, पुढे पाच वर्षांपर्यंत 40. बाळ शांत असताना तेवढे किंवा जास्त भरले तर लगेच दाखवायचं. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडतोय, नाकपुड्या फुलतायत, बाळ कण्हतंय, दूध ओढत नाही, असं दिसलं तर मोजत बसायचंच नाही.

पाच महिन्यांनी फोन. "ताई, आवाज काहीच नाही. पण 58 भरले, आणि बरगड्यांखाली आत ओढतंय." ताप नव्हता, म्हणून घरचे सकाळी जाऊ म्हणत होते. मी 108 ला फोन कर म्हणेपर्यंत ती रिक्षात बसलेली होती. बाळ तीन दिवस ऑक्सिजनवर होतं.

घरी आल्यावर तिने कळवलं, तेवढ्यात सासूबाईंनी फोन हातातून घेतला. "लेकीच्या बाळाला सर्दी झालीय. मोजताना पोट बघायचं की छाती?"