एलएलएमला न्यूयॉर्कला निघालीयेस, तर अभ्यासाबद्दल

तू विचारलंयस की पुण्यातून तीन वर्षांचं एलएलबी झालंय, ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला एलएलएमला, म्हणजे कायद्यातल्या मास्टर्सला जायचंय, तर अभ्यास कसा करायचा आणि बारचं, म्हणजे इथे वकिली करायला द्याव्या लागणाऱ्या परीक्षेचं काय. मीही पुण्यातूनच आले, आता इथेच प्रॅक्टिस करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आधी एक गोष्ट. आपल्याकडे शेवटच्या महिन्यात गाईड आणि मागच्या वर्षांचे पेपर केले की निघून जातं, इथे ते अजिबात चालत नाही. परीक्षेत दोन-तीन पानांची एक गोष्टच देतात, कोणी कोणाला ईमेल केला, माल उशिरा आला, मधेच धंदा दुसऱ्याला विकला, आणि खाली प्रश्न एवढाच की कोणाचे काय हक्क. बरेच पेपर ओपन बुक असतात, त्यामुळे नुसता नियम लिहून फारसं काही मिळत नाही, मार्क मिळतात ते त्या गोष्टीतल्या एकेका तपशिलाला नियम लावण्याचे आणि समोरचा वकील काय म्हणेल तेही मांडण्याचे. मी पहिला पेपर आपल्या पद्धतीने लिहिला, व्याख्या, आवश्यक घटक, केस लॉ, सगळं नीट. ग्रेड बघून रात्रभर झोप लागली नाही. प्राध्यापकांना भेटले तर त्या म्हणाल्या, कायदा बरोबर लिहिलायस, पण यातली माणसं कुठे आहेत?

त्यानंतर मी एकच केलं आणि तूही तेच कर. प्राध्यापकांचे जुने पेपर बहुतेक लायब्ररीत मिळतात, ऑक्टोबरपासून दर रविवारी एक, घड्याळ लावून पूर्ण लिहायचा, आणि मैत्रिणीशी बदलून तपासायचा. दुसऱ्याचं उत्तर तपासताना आपल्याला काय दिसलं नव्हतं ते लख्ख कळतं.

रोजच्या वाचनाला मात्र पर्याय नाही. वर्गात नाव घेऊन उभं करतात, त्याला कोल्ड कॉल म्हणतात, पहिले दोन आठवडे पोटात गोळा येतो पण होते सवय. प्रत्येक केसचे तथ्य, प्रश्न, निकाल आणि कारण अर्ध्या पानात लिही, जास्त नको. आणि दर शनिवारी त्या आठवड्याचं आउटलाइनमध्ये, म्हणजे पूर्ण विषयाच्या स्वतः केलेल्या सारांशात टाकत जा, डिसेंबरात एकदम करायला गेलीस तर होणार नाही.

आपलं ज्ञान कुठे उपयोगी आणि कुठे घात करतं तेही बघ. हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल, नुकसानभरपाईची 1854 ची इंग्लिश केस, आपल्या काँट्रॅक्ट ॲक्टचं कलम 73 शिकताना वाचली असशील, ती इथेही काँट्रॅक्टमध्ये येते. पण आपल्या त्याच 1872 च्या ॲक्टमध्ये आधी केलेल्या कामाचा मोबदला चालतो, तोही तिसऱ्या माणसाने दिलेला चालतो, इथे पास्ट कन्सिडरेशन, म्हणजे असा आधीच्या कामाचा मोबदला, साधारणपणे चालत नाही. सवयीने आपलं उत्तर लिहिलंस की गेलं. म्हणून पहिल्या महिन्यापासून एक वही फक्त अशा फरकांची ठेव.

एलएलएमच्या जोरावर न्यूयॉर्क बारला बसणार असशील तर विषय निवडतानाच लक्ष दे. किमान 24 क्रेडिट लागतात, त्यात प्रोफेशनल रिस्पॉन्सिबिलिटी (वकिलाची नीतिमत्ता), लीगल रिसर्च-रायटिंग आणि अमेरिकन लीगल स्टडीज प्रत्येकी 2, आणि बारला येणाऱ्या विषयांचे 6. आवडीचे विषय घेऊन बसलेल्यांना हे मार्चमध्ये कळतं आणि मग रडारड होते. सध्याच्या पॅटर्नमध्ये पास व्हायला 400 पैकी 266 लागतात, पहिल्या दिवशी सगळं लेखी आणि दुसऱ्या दिवशी 200 एमसीक्यू, जुलै 2028 पासून नवा नेक्स्टजेन पॅटर्न येतोय.

आणि हे निघायच्या आधीच कर, बारवाल्यांना आपली मार्कशीट विद्यापीठाने थेट पाठवावी लागते, तू स्वतः पाठवलेली धरत नाहीत, म्हणून पुण्यात आहेस तोवर विद्यापीठात चकरा मारून ते काम मार्गी लाव, इथून फोनवर ते होत नाही.