एका साइटवर मिक्सर बघितला की दुसरीकडे त्याचीच जाहिरात कशी काय येते?
यासाठी फोनच्या माइकवरून आपलं बोलणं ऐकायची वगैरे गरजच नाही, हे कुकीनेही होतं. मिक्सरच्या पानावर जाहिरात कंपनीचा कोड असतो, तो तुमच्या ब्राउझरमध्ये एक नंबर ठेवतो (हीच ती कुकी) आणि मग बातम्यांच्या साइटवरही त्याच कंपनीचा कोड असला की ब्राउझर तो नंबर गुपचूप परत पाठवतो, झालं, ओळख पटली. नाव-गाव माहीत नसलं तरी चालतं त्यांना. सफारी अशा थर्ड-पार्टी, म्हणजे साइटच्या नसून तिसऱ्याच कंपनीच्या, कुकीज आपणहून अडवतं, क्रोममध्ये मात्र सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन स्वतः बंद कराव्या लागतात. सगळ्याच कुकीज उडवू नका हां, लॉगिन पण त्यातच असतं, मग बसा ओटीपी टाकत. इनकॉग्निटोवरही (ब्राउझरची खाजगी विंडो) फार भिस्त नको, विंडो बंद केली की कुकीज जातात, पण साइटला आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे तुमच्या इंटरनेट कनेक्शनचा नंबर, दिसतोच.