मॅकवर पास, उबंटूवर फेल: दोन्हीकडे 12 च, मग टेस्ट का अडते?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. गोव्यातल्या तालुक्यांची यादी मोजणारी शेल स्क्रिप्ट फोंड्यात तुमच्या मॅकबुकवर पास होते आणि पणजीच्या ऑफिसातल्या उबंटू सर्व्हरवर फेल. आकडा दोन्हीकडे 12 च. मग अपेक्षित आउटपुटची फाइल सर्व्हरवर नव्याने बनवून टाकावी का?

कृपा करून तेवढं करू नका. टेस्ट हिरवी होईल, पण उद्या मॅकवर लाल होईल.

आधी दोन्ही आउटपुट ओडी कमांडला (एकेक अक्षर, स्पेससुद्धा, सुटं दाखवते) डॅश सी देऊन बघा. (कॅट कमांडचा डॅश कॅपिटल ए सुचवला असता, पण तो मॅकवर चालत नाही.) मॅकच्या आउटपुटमध्ये 12 च्या आधी सहा स्पेस दिसतील, उबंटूत एकही नाही. मॅकवरचं डब्ल्यूसी, म्हणजे मोजणी करणारी कमांड, बीएसडी ह्या युनिक्स घराण्यातलं. ते आकडा आठ अक्षरांच्या रकान्यात उजवीकडे सरकवून छापतं. उबंटूतलं जीएनयूचं (लिनक्सवरच्या मुक्त टूल्सचा संच) डब्ल्यूसी रीडायरेक्ट करून (< ह्या खुणेने) दिलेल्या फाइलचा नुसता आकडा छापतं. तुमची अपेक्षित फाइल मॅकवर बनली, म्हणून तिच्यात त्या स्पेस अडकल्या.

स्पेस काढायला टीआर ही अक्षरं गाळणारी कमांड लावता येईल, पण मी तिथे थांबणार नाही, कारण ह्याच जागी मी एकदा फसलोय. आमच्याही यादीत सर्वांत नवा तालुका, धारबांदोडा, कुणीतरी शेवटी जोडला होता आणि त्या ओळीनंतर एंटर मारायचं राहिलं होतं. डब्ल्यूसी डॅश एल ओळी मोजत नाही, न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) मोजतं. त्यामुळे उत्तर आलं 11. टेस्ट फेल झाली तेव्हा आम्ही मशीनचा फरक समजून अपेक्षित फाइलच बदलली, आणि एक अख्खा तालुका कित्येक दिवस गायब राहिला. टेस्ट खरं सांगत होती, आम्ही तिचं तोंड बंद केलं. अजून वाईट वाटतं.

म्हणून मोजणी ऑक ह्या ओळीओळीने फाइल वाचणाऱ्या कमांडकडे द्या: एंड ब्लॉकमध्ये (सगळं वाचून झाल्यावर चालणारा भाग) एनआर, म्हणजे वाचलेल्या ओळींचा आकडा, छापा. आधी स्पेस येत नाहीत, न्यूलाइन नसलेली शेवटची ओळही मोजली जाते, आणि दोन्ही मशीनवर उत्तर तेच.

मॅकवर होमब्रूने (टूल्स बसवायचा प्रोग्रॅम) जीएनयूची टूल्स बसवा, असंही कुणी सांगेल. तुमचं काम होईल, पण उद्या नवीन आलेल्या मुलाच्या मॅकवर ती नसतील. दुरुस्ती स्क्रिप्टमध्येच हवी.

तिथे आहातच तर सेड डॅश आयही (फाइलमधला मजकूर जागच्या जागी बदलणारी कमांड) बघून घ्या. मॅकवर त्याला बॅकअपचं एक्स्टेन्शन द्यावंच लागतं. डॅश आयला चिकटवून डॉट बॅक लिहिलं की दोन्हीकडे चालतं. क्रम लावणारी सॉर्ट वापरत असाल तर त्याच्या आधी LC_ALL=C लिहा, नाहीतर लोकेलप्रमाणे (मशीनच्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे) क्रम बदलतो.

शेवटी एक टेस्ट वाढवा: तीच यादी, धारबांदोड्यानंतरची न्यूलाइन मुद्दाम काढलेली. दोन्ही मशीनवर 12 च यायला हवेत.