सांगलीत कॅबरे: वाचकांचे पाच प्रश्न

मागच्या वेळी छोट्या जागेतल्या प्रयोगांबद्दल लिहिताना ओघात ‘कॅबरे’ हा शब्द येऊन गेला. त्यावर आलेल्या पत्रांत निम्मी दटावणीची होती, ती बाजूला ठेवतो. उरलेल्यांतले पाच प्रश्न घेतलेत.

आम्ही सहाजण विश्रामबागेत एका गच्चीवर तालमी करतो. एका विषयाभोवती कॅबरे करायचं ठरलंय. घरी शब्द काढला की बाबा म्हणतात, “म्हणजे हेलनचा नाच ना?” त्यांना काय सांगू? (विद्यार्थिनी, सांगली)

बाबांचं काही चुकत नाही. आपल्याकडे हा शब्द हिंदी सिनेमातून आला आणि हेलनबाईंनी तो असा गाजवला की दुसरा अर्थ शिल्लकच राहिला नाही. मूळ प्रकार पॅरिसच्या मोंमार्त्र भागातला. १८८१ साली रोदोल्फ साली नावाच्या गृहस्थानं ‘ल शा न्वार’, म्हणजे ‘काळं मांजर’, असा अड्डा काढला. तिथे कवी कविता म्हणायचे, कोणी टिंगलीची गाणी गायचं, छायाबाहुल्यांचे खेळ व्हायचे आणि साली स्वतः मध्ये उभा राहून गिऱ्हाइकांची फिरकी घ्यायचा. सुटे तुकडे आणि ते जोडणारा निवेदक, असा हा प्रकार. १९१६ मध्ये झुरिकच्या ‘काबारे व्होल्तेर’मध्ये महायुद्धाला विटलेले कलावंत जमले, त्यातून ‘दादा’ नावाची कलाचळवळ निघाली. (आपल्या दादा लोकांचा संबंध नाही.)

पण बाबांना पॅरिस कशाला सांगता, तमाशा सांगा. गण, गवळण, बतावणी, वग असे सुटे तुकडे आणि प्रेक्षकाला हातचा जाऊ न देणारा सोंगाड्या. किंवा थेट विष्णुदास भाव्यांकडे जा. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं याच गावात ‘सीतास्वयंवर’ झालं. त्यात सूत्रधार पदं म्हणायचा, विदूषक लुडबुड करायचा, पात्रं बरंचसं आयत्या वेळी बोलायची. सूत्रधार आणि विदूषक एकाच माणसात कोंबा, तुमचा निवेदक तयार. तो सापडला नसेल तर नाच बसवायला घेऊ नका. सहाजणांतला जो चहाच्या टपरीवर सगळ्यांना थांबवून ठेवतो, तो बघा.

आमचा विषय ‘पाऊस’. पावसाची १४ गाणी आणि नाच बसवलेत. तालीम बघणारे म्हणतात, हा ऑर्केस्ट्रा झाला. (मिरज)

झालाच आहे. ‘पाऊस’ हे पोस्टरवरचं नाव झालं. विषयात काहीतरी भांडण लागतं, आणि तुमची चौदाही गाणी पावसाच्या बाजूनंच बोलतायत.

मिरजेत राहून हे भांडण शोधायला लांब जायला नको. एप्रिल २०१६ मध्ये तुमच्या जंक्शनवरून लातूरला पाण्याची रेल्वे सुटली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा सांगलीच्या घराघरांत शिरली. आधी वॅगनमध्ये भरून पाठवायचं पाणी आणि सव्वातीन वर्षांनी जिन्याची एकेक पायरी चढून वर येणारं पाणी. ही दोन टोकं बांधा आणि मधल्या दोरीवर तुमची गाणी टांगून बघा. निम्मी आपोआप गळतील. त्या जागी नवीन सुचेल: कोरसमध्ये म्हटलेली स्टेशनवरची उद्घोषणा, टाकी धुणाऱ्याची लावणी, भिजलेल्या हळदीच्या पोत्यांचं रडगाणं. आठ-नऊ तुकडे आणि सत्तर मिनिटं पुरे.

पुरावर विनोद करावा का, असंही तुम्ही विचारलंय. करा. ज्याच्या घरात पाणी आलं त्याच्यावर नको, “यंदा काय एवढं येत नाही की ओ,” असं कट्ट्यावर बसून सांगणाऱ्यावर करा. तो प्रत्येक गल्लीत असतो आणि प्रयोगालाही आलेला असतो.

आम्ही पाचच जण. कपडे बदलायला दोन-दोन मिनिटं जातात, तोवर स्टेजवर अंधार. माणसं वाढवायला पैसे नाहीत. (तासगाव)

अंधार मोजून पाच सेकंद. त्यापुढे खिशातून मोबाइल निघतात आणि तो उजेड परत आत घालता येत नाही.

माझ्या एका प्रयोगात नऊवारीतून कोट-पँटमध्ये यायचं होतं आणि कमरेची गाठ सुटेना. बाहेर निवेदकाचे विनोद संपले. बिचाऱ्यानं शेवटी प्रेक्षकांना विचारलं, “जेवलात का?” पहिल्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, “अजून नाही, आवरा लवकर.” त्या रात्रीचा सगळ्यात मोठा हशा तोच. त्यानंतर मी प्रत्येक निवेदनाला दोन शेवट लिहून घेतो: एक तिसाव्या सेकंदाला, एक नव्वदाव्याला. विंगेतून हलगीवर एक थाप पडली की आतला माणूस तयार, निवेदकानं जवळच्या शेवटावर उतरायचं. थाप नाही आली तर लांबचा रस्ता.

कपड्यांचं म्हणाल तर शिवलेली नऊवारी घ्या, गाठीच्या जागी वेल्क्रो लावा. तो फाडल्यासारखा आवाज करतो, म्हणून ठेक्यावर ओढायची सवय करा. विंगेत निळा बल्ब आणि एक खुर्ची. खुर्चीवर जे आधी घालायचं ते सगळ्यात वर. दागिने स्टीलच्या डब्यात, झाकण उघडं ठेवून. पाचांतला एक जण त्या वेळी स्टेजवर नसेल असा क्रम लावा. त्याचं काम फक्त बटणं. तालमीत घड्याळ लावून हे दहादा करा, नाचाइतकंच.

आणि एखादा बदल लपवूच नका. दोघांनी अंतरपाट धरायचा, मागे नटाचे कपडे बदलतायत, पुढे निवेदक मंगलाष्टकाच्या चालीवर काहीबाही म्हणतोय. ‘सावधान’ म्हणताच पाट खाली. हा तुकडा तुम्हाला फुकट मिळाला.

सिनेमाच्या गाण्यांचे बोल बदलून म्हटले तर चालतं का? परवाने कोणते? (विटा)

बोल बदलायला हक्कधारकाची परवानगी लागते, त्यापेक्षा स्वतः लिहा. मूळ गाणं स्टेजवर गाणार असाल तर शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो. ध्वनिमुद्रित ट्रॅक वाजवणार असाल तर रेकॉर्डिंगच्या मालकाचाही, तो बऱ्याच कंपन्यांच्या वतीनं पीपीएल ही संस्था देते. कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. पारंपरिक ओव्या, भारुडं, गवळणी मोकळ्या आहेत, फक्त कोणाची अलीकडची नवी चाल उचलू नका.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरकडे, पाठवून प्रमाणपत्र घ्या. “आमचं निवेदन उत्स्फूर्त असतं” म्हणून कोरं पान पाठवता येत नाही. दोन्ही शेवटांसकट लिहून पाठवा. गच्चीवर करणार असाल तर रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद. साडेसातला तिसरी घंटा द्या.

तिकीट किती ठेवावं? पहिला प्रयोग भावे नाट्यमंदिरात करावा असं काहींचं म्हणणं. आणि मागच्या कार्यक्रमात कोणीतरी मुलींच्या नाचाचे तुकडे मोबाइलवर घेऊन ग्रुपवर टाकले, त्याचं काय करावं? (कुपवाड)

भाव्यांच्या नावाच्या रंगमंचावर उभं राहायची हौस मी समजू शकतो. पण कॅबरेला प्रेक्षकाचा चेहरा दिसावा लागतो. मंगल कार्यालयाचा छोटा हॉल घ्या, ८० खुर्च्या अर्धगोलात लावा. २०० रुपये तिकीट धरलं तर सगळे मिळून १६,०००. हिशेब मात्र ५० खुर्च्यांचा, म्हणजे १०,००० चाच करा. वर आले तर पुढच्या प्रयोगाचं भाडं. नाटक-नृत्याच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही. पैसे आधी निवेदकाच्या माइकवर घाला, मग चार पार दिवे आणि नटामागे फिरणारा एक फॉलो स्पॉट भाड्यानं. नेपथ्याला उरले नाहीत तर उरले नाहीत. भडंग ठेवणार असाल तर कागदी वाट्यांत. पुड्यांचा चुरचुराट हळव्या गाण्यात नेमका ऐकू येतो.

मोबाइलचं असं करा. निवेदकानं सुरुवातीलाच एक तुकडा जाहीर करायचा, “हा काय तो काढून घ्या, बाकी वेळ फोन खिशात.” कडेला दोन जण उभे करा. जे पसरलंय ते ज्याच्या ग्रुपवर आहे त्याला काढायला सांगा, नाही काढलं तर सायबर पोलिसांकडे तक्रार द्या, लाजू नका. तो नाच पुढच्या प्रयोगात ठेवायचा का, हे त्या मुलींना एकेकीला वेगळं विचारा; सगळ्यांसमोर विचारलं तर सगळ्या हो म्हणतात. एक जरी नको म्हणाली तरी तो गाळा, आणि निवेदकाच्या कागदावर त्याच्या आधीचं आणि नंतरचं निवेदन जोडून घ्यायला विसरू नका.