प्रशिक्षक नेमताना मुख्य संघापेक्षा खालच्या संघांकडे आधी पाहा

‘आउट ऑफ द पार्क बेसबॉल’सारख्या, बेसबॉल संघ चालवण्याच्या संगणकीय व्यवस्थापन-खेळात नवखा व्यवस्थापक बहुधा सगळे पैसे मुख्य संघाच्या नामवंत प्रशिक्षकांवर खर्च करतो आणि मायनर लीगमधील, म्हणजे नवे खेळाडू घडवणाऱ्या खालच्या स्पर्धांतील संघांसाठी जो मिळेल तो स्वस्त माणूस नेमून मोकळा होतो, मीही सुरुवातीला हेच केले होते. परंतु तिशीच्या आसपासचा फलंदाज बव्हंशी घडून झालेला असतो, तर एकोणीस-वीस वर्षांच्या पिचरची (चेंडू फेकणाऱ्याची) सुप्त क्षमता प्रत्यक्ष कौशल्यात उतरणे अद्याप बाकी असते, आणि तो ज्याच्या हाताखाली रोज सराव करतो तो प्रशिक्षक खालच्या संघातच असतो. म्हणून तेथे पिचिंग आणि फलंदाजी शिकवण्याचे गुणांकन चांगले असलेली, तसेच नवोदितांना सांभाळून घेणारी माणसे नेमावीत. प्रशिक्षकाची कीर्ती आणि त्याची शिकवण्याची हातोटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विसरू नये.

अर्थात, उत्तम प्रशिक्षक म्हणजे जादूची कांडी नव्हे. तो प्रगतीची शक्यता थोडी वाढवतो, इतकेच. खेळाडूला पुरेशी संधी मिळाली नाही, किंवा डबल-एची (मायनर लीगमधील वरून दुसऱ्या पायरीची) पातळी पेलण्याआधीच त्याला ट्रिपल-एमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवर, ढकलले, तर ती शक्यताही वाया जाते. शिवाय या खेळात क्षमतेतील बदलांमागे योगायोगाचाही वाटा असतो, त्यामुळे एका खेळाडूची घसरण पाहून प्रशिक्षकाला लगेच काढू नये. त्याच्याकडच्या सर्व खेळाडूंची दोन-तीन हंगामांची वाटचाल पाहावी.