समाजवाद आणि भांडवलशाही: मुंबईची गिरणी, ग्दान्स्कची गोदी

उद्योगाची मालकी, कामगारांची स्थिती आणि राज्यसत्तेची भूमिका या अंगांनी समाजवाद व भांडवलशाही यांची तुलना करावी आणि कामगाराला दोहोंपैकी कोणती व्यवस्था मानवते ते सांगावे, असा आपला प्रश्न आहे. उत्पादनसाधने खासगी मालकीची असली की भांडवलशाही आणि समाजाच्या मालकीची असली की समाजवाद, ही व्याख्या आपण वाचलेलीच असणार, म्हणून तो तक्ता मी पुन्हा मांडत नाही. माझे वडील गिरणगावातल्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापड विणण्याचे माग, चालवत असत, त्यामुळे हा प्रश्न मला गिरणीच्या गेटवरून दिसतो. तुलनेसाठी मी पोलंडमधील ग्दान्स्क शहरातला लेनिन जहाजबांधणी कारखाना, म्हणजे तिथली गोदी, घेतो. १३ डिसेंबर १९८१ रोजी पोलंडच्या समाजवादी सरकारने कामगारांची चळवळ मोडण्यासाठी लष्करी कायदा पुकारला, आणि त्यानंतर छत्तीस दिवसांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तिकडे मालक सरकार होते, इकडे शेठ होते, आणि तरीही दोन्ही ठिकाणच्या मागण्यांत एक मागणी जवळजवळ सारखी होती. माझे उत्तर त्या मागणीभोवतीच फिरणार आहे.

आधी भांडवलशाहीच्या पदरात तिचे श्रेय टाकले पाहिजे. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी काढली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या बेटावर ऐंशीच्या आसपास गिरण्या उभ्या राहिल्या. यासाठी कोणत्याही नियोजन मंडळाने आराखडा केला नव्हता. कापसाच्या आणि अफूच्या व्यापारातून साठलेला पैसा नफ्याच्या वासाने गिरणीत शिरला, इतकेच. मात्र त्या नफ्याच्या हिशेबात कामगाराची सुट्टी कुठेच नव्हती. आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळावी यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांना १८८४ पासून सभा घ्याव्या लागल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन द्यावे लागले, आणि रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. आज आपण ज्याला सहज 'रविवार' म्हणतो तो बाजाराने दिलेला नाही, हे तुलना करताना विसरू नये.

माझ्या वडिलांच्या तरुणपणी रविवार होता, पण कामाची शाश्वती नव्हती. ते अनेक वर्षे बदली कामगार होते. बदलीवाल्याने पाळी सुरू होण्याच्या आधी कार्ड घेऊन खात्यात हजर व्हायचे, कोणी कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर उभे राहायचे, आणि सगळे आले असतील तर भोंगा ऐकून परत खोलीवर यायचे, अशी ती पद्धत होती. कोणाला साचा द्यायचा हे बऱ्याच अंशी जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, मर्जीवर असे, त्यामुळे जॉबरला चहा पाजणे हाही पाळीचाच भाग होता. अर्थशास्त्रात ज्याला 'श्रमाचा लवचिक बाजार' म्हणतात तो मी या कार्डाच्या रूपात पाहिला आहे. ते कार्ड खाकी जाड कागदाचे होते आणि घामाने त्याचे कोपरे कापडासारखे मऊ झाले होते.

आता राज्यसत्तेकडे वळू. भांडवलशाहीत सरकार उद्योगापासून दूर उभे असते, ही समजूत मुंबईपुरती तरी चुकीची आहे. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका विभागातल्या एका उद्योगात एकाच संघटनेला 'प्रातिनिधिक' म्हणून मान्यता देण्याची सोय केली. त्यासाठी एकूण कामगारांपैकी २५ टक्के सभासद असणे पुरेसे होते, आणि ते सभासदत्व गुप्त मतदानाने नव्हे, तर वर्गणीच्या पावत्यांवरून ठरत असे. कापड उद्योगात ही मान्यता काँग्रेसशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. तिच्या संमतीवाचून झालेला संप बेकायदा ठरे आणि दुसऱ्या कोणत्याही पुढाऱ्याशी, त्याच्यामागे कितीही कामगार असले तरी, वाटाघाटी करण्याचे बंधन मालकावर नसे. गिरणगावात याला सरळ 'काळा कायदा' म्हणत. १९८१ च्या दिवाळीत बोनसच्या तडजोडीवरून असंतोष उसळला, कामगार डॉ. दत्ता सामंत या कामगार पुढाऱ्याकडे गेले, आणि पगारवाढ व बदलीवाल्यांना कायम करणे यांच्या जोडीला हा कायदा रद्द करण्याची मागणी पुढे आली. गिरणी शेठच्या मालकीची असली, तरी कामगाराच्या वतीने कोणी बोलायचे हे कायद्याने, म्हणजे सरकारने, ठरवून ठेवले होते.

ग्दान्स्कमध्ये यातले मधले पडदे नव्हते. तिथे गोदी सरकारची, सरकार पक्षाचे आणि कामगार संघटनाही पक्षाचीच होती. त्या व्यवस्थेने जे दिले तेही नोंदवले पाहिजे: बेकारी जवळजवळ नव्हती, बदली कार्ड नव्हते, आणि कारखान्याच्या आधाराने घर, दवाखाना, पाळणाघर व सुट्टीतला मुक्काम यांची सोय होत असे. माझ्या वडिलांच्या पिढीला हे वर्णन स्वर्गासारखे वाटले असते आणि लाल बावट्याच्या सभांतून ते तसेच सांगितलेही जात असे. पण पगाराच्या पैशाने दुकानात काय मिळते, हा प्रश्न तिथे उरत होता. १९७६ पासून साखर कूपनावर होती, १९८१ च्या एप्रिलपासून मांसही कूपनावर गेले. डिसेंबर १९७० मध्ये अन्नाच्या भाववाढीविरुद्ध बाल्टिक किनाऱ्यावरच्या शहरांत निदर्शने झाली, तेव्हा कामगारांच्या नावाने राज्य करणाऱ्या सरकारने कामगारांवर गोळीबार केला आणि चाळीसहून अधिक माणसे मेली.

१४ ऑगस्ट १९८० चा संप एका क्रेनचालक बाईसाठी सुरू झाला. आना वालेंतिनोविच १९५० पासून त्या गोदीत काम करत होत्या, आणि स्वतंत्र संघटनेच्या कामात पडल्यामुळे निवृत्तीला पाच महिने उरले असताना त्यांना काढून टाकण्यात आले. त्यांना परत घ्या, ही कामगारांची पहिली अट होती, आणि व्यवस्थापकाची मोटार पाठवून त्यांना गेटवर आणावे लागले. लेक वालेसा हा काढून टाकलेला इलेक्ट्रिशियन कुंपण ओलांडून आत आला. कामगारांनी गोदीतच मुक्काम ठोकला, दारूला बंदी केली, गेटला फुले आणि पोपचे चित्र लावले, आणि प्लायवूडच्या दोन फळ्यांवर एकवीस मागण्या लिहून टांगल्या. त्यात मांसाचा पुरवठा होता, शनिवारची सुट्टी होती, लवकर निवृत्ती होती. पण पहिली मागणी पक्षापासून आणि मालकापासून स्वतंत्र असलेल्या कामगार संघटनेची होती, आणि दुसरी संपाच्या हक्काची. 'काळा कायदा रद्द करा' या मुंबईतल्या मागणीत आणि या पहिल्या मागणीत मला फारसे अंतर दिसत नाही.

दोन व्यवस्थांतला खरा फरक पुढे संपाच्या वाटचालीत उघडा पडतो. ग्दान्स्कचा संप अठराव्या दिवशी, ३१ ऑगस्टला, करार होऊन जिंकला गेला, कारण तिथल्या मालकाला पळायला जागा नव्हती. गोदी उचलून दुसरीकडे नेता येत नव्हती, देशभरचे कारखाने त्याच एका मालकाचे होते, म्हणून संप पसरला तसा तो थेट सरकारच्या दारात गेला आणि उपपंतप्रधानाला गोदीत येऊन सही करावी लागली. मुंबईत मालकापाशी ती पळवाट होती. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे यंत्रमाग होते, तिथला विणकर संघटित नव्हता आणि मजुरी कमी होती. गिरणीचा छाप असलेले कापड तिथून विणून घेता येत होते. गोदामे आधीच मालाने भरलेली होती, त्यामुळे बंद गिरणी मालकाला त्या काळात फार टोचत नव्हती. कामगार मात्र गावी गेले. साताऱ्याकडचे, कोल्हापूरकडचे, कोकणातले लोक पेरणी-लावणीला हात लावून संप काढत राहिले, आणि पैसा आटला तसे घरातले भांडे मोडीत जाऊ लागले. संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. तो विरून गेला. हजारो कामगार पुन्हा गिरणीचे तोंड पाहू शकले नाहीत.

भांडवल संपाला तोंड देण्याऐवजी जागा बदलते; सरकारी मालकाला जागा बदलता येत नाही, पण त्याच्याकडे रणगाडे असतात. ग्दान्स्कच्या करारातून उभ्या राहिलेल्या सॉलिडॅरिटी या स्वतंत्र कामगार संघटनेचे सभासद वर्षभरात सुमारे एक कोटीवर गेले आणि सोळा महिन्यांच्या आत पोलंडचे सत्ताप्रमुख जनरल यारुझेल्स्की यांनी लष्करी कायदा आणला. काटोविस शहरातल्या वूयेक कोळसाखाणीत १६ डिसेंबरला झालेल्या गोळीबारात नऊ खाणकामगार मारले गेले, वालेसा सुमारे अकरा महिने स्थानबद्ध राहिले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये संघटनाच बेकायदा ठरली. मुंबईतही धरपकड झाली, लाठ्या पडल्या. तरी १९८४ च्या डिसेंबरमध्ये, काँग्रेसची प्रचंड लाट असताना, हरलेल्या संपाचा पुढारी, म्हणजे दत्ता सामंत, दक्षिण-मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेत निवडून गेला. ही गोष्ट मी भांडवलशाहीच्या खात्यात जमा करणार नाही. ती प्रौढ मतदानाच्या हक्काची कमाई आहे, आणि हा हक्क खासगी मालकीबरोबर आपोआप येत नाही.

सरकारी मालकीचा अनुभव मुंबईच्या कामगारांनीही घेतला आहे. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन ताब्यात घेतले आणि माझ्या वडिलांची गिरणी त्यांपैकीच एक होती. पाटी बदलली त्या दिवसाचे त्यांचे एकच वाक्य मी घरात अनेकदा ऐकले आहे: "बोर्ड नवा, साचा त्योच." जॉबर तेच होते, कायदा तोच होता आणि मान्यताप्राप्त संघटनाही तीच राहिली. एक फरक पडला, तो म्हणजे महिन्याच्या महिन्याला पगार होत राहिला. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी कारखान्यांविषयी एक मुद्दा मांडला होता, की तोटा झाला तरी सरकार भरून देणार हे ठाऊक असलेल्या कारखान्याचे अंदाजपत्रक 'मऊ' होते आणि मग सुधारणेची निकड कोणालाच भासत नाही. सरकारी गिरण्यांना हे नेमके लागू पडते. खासगी शेठने यंत्रे बदलली नाहीत कारण त्याला पैसा दुसरीकडे गुंतवायचा होता. सरकारने बदलली नाहीत कारण न बदलण्याची शिक्षा कोणालाच होणार नव्हती. साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला या दोन कारणांतला फरक कळण्याचे काही साधन नव्हते.

ओघाने एक आठवण नोंदवतो. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशपत्रिकेत 'समाजवादी' हा शब्द १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आला. त्याच्या आदल्याच वर्षी, त्याच आणीबाणीत, किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला होता आणि संप करणे अशक्य झाले होते. म्हणून कोणत्याही सरकारने स्वतःला दिलेले विशेषण तुलनेत धरू नये, अशी माझी आपल्याला विनंती आहे.

सहकार हा तिसरा मार्ग का नाही, असे आपण विचाराल. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी जे उभे केले त्यात मालक हा ऊस पिकवणारा शेतकरीच होता, आणि ती मोठीच गोष्ट होती. पण तो ऊस तोडणारा बीडकडचा माणूस ना सभासद असतो, ना कारखान्याच्या हजेरीपटावर असतो. तो मुकादमाकडून उचल घेऊन येतो आणि नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजली जाते. मालकी वाटली गेली तरी ती जिथे थांबते, त्या रेषेपलीकडच्या माणसाचा प्रश्न पुन्हा तसाच उभा राहतो.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे: उद्योग उभारण्याच्या आणि बदलण्याच्या कामात भांडवलशाही सरस ठरली आहे, रोजगाराची शाश्वती देण्यात समाजवादी राज्ये सरस ठरली होती, पण कामगाराचे बरेवाईट यापेक्षा जास्त या गोष्टीवर ठरले, की त्याला आपली संघटना आपल्या मताने निवडता येते का आणि मालकाला त्याच्या पाठीमागून निसटता येते का. पहिल्या गोष्टीला दोन्ही व्यवस्थांनी अटकाव केलेला मी वर दाखवला आहे. दुसऱ्या गोष्टीत भांडवलशाहीतला कामगार अधिक उघडा पडतो, आणि भांडवल देशोदेशी फिरू लागल्यापासून फारच उघडा पडला आहे.

पोलंडमध्ये १९८९ च्या निवडणुकीनंतर समाजवादी सत्ता गेली आणि सॉलिडॅरिटीची माणसे सरकारात बसली. १९८० साली सुमारे सतरा हजार माणसे कामाला असलेली ती गोदी १९९६ मध्ये, नव्या बाजारव्यवस्थेत, दिवाळखोर ठरली. मागण्यांच्या त्या दोन फळ्या आता संग्रहालयात आहेत. मुंबईत १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले होते, त्यातला एक मोकळ्या जागांना, एक सार्वजनिक घरांना आणि एक मालकाला असा. २००१ मध्ये नियम बदलून ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरवला, आणि सरकारी गिरण्यांच्या जमिनींचेही लिलाव झाले. शेठ आणि सरकार या दोन्ही मालकांना कापडापेक्षा जमीनच फायद्याची वाटली. कामगारांच्या घरांसाठी सुमारे दीड लाख अर्ज आले, आणि २०१२ च्या पहिल्या मोठ्या सोडतीत घरे होती सात हजारांच्या आत. वडिलांचा अर्ज आता आईच्या नावावर, वारस म्हणून आहे, आणि त्याला पुरावा म्हणून त्या मऊ झालेल्या बदली कार्डाची झेरॉक्स जोडलेली आहे.