रात्रीचा मोह आणि सकाळची लाज

दिवसभर मन शांत असते, पण घरातले सगळे झोपले की उशाजवळचा फोन हातात येतो, नको ती चित्रे पाहिली जातात आणि सकाळी प्रार्थनेला बसायचीही लाज वाटते, असे तुम्ही कळवले आहे. मनात इच्छा आली तिथेच पाप घडले का आणि देवच मोहात पाडतो आहे का, असे तुम्ही विचारता.

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. बायबलमधील याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे की देव कोणालाही मोहात पाडत नाही. माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो आणि ती वासना पुढे पापाला जन्म देते. इच्छा मनात डोकावणे वेगळे आणि तिला बसायला जागा देणे वेगळे. मात्र वासनेने पाहत राहणे किरकोळ समजू नका. मत्तय 5:28 मध्ये प्रभू येशूने त्यालाच अंतःकरणातला व्यभिचार म्हटले आहे.

अरण्यात 40 दिवसांच्या उपासानंतर, येशू भुकेला आणि एकटा असताना सैतान त्याला मोहात पाडायला आला, याकडे लक्ष द्या. तुमचीही ती वेळ थकव्याची आणि एकांताचीच असते. येशूने तिन्ही मोहांना जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनांनी उत्तर दिले, आणि ती वचने त्याला ऐनवेळी शोधावी लागली नाहीत. तेव्हा एखादे स्तोत्र दिवसाच पाठ करा. उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाने तर शेवटच्या क्षणी वादही घातला नाही. त्याला मोहात पाडू पाहणाऱ्या, त्याच्या धन्याच्या म्हणजे पोटीफराच्या बायकोच्या हाती वस्त्र सोडून तो पळाला. तुम्हीही झोपण्यापूर्वीच फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे अंधारात हात चाचपडत गेला तरी त्याला फक्त उशी लागेल. परीक्षेतून निभावण्याचा उपाय देव करतो, असे प्रेषित पौल करिंथ येथील मंडळीला लिहितो (1 करिंथ 10:13). माझ्या मते तो उपाय रात्री दहा वाजता सहज हाती लागतो, बारा वाजता फार कठीण होतो.

हे ओझे एकट्याने वाहू नका. पाळकांना किंवा मंडळीतल्या एखाद्या विश्वासू, वडीलधाऱ्या व्यक्तीला सांगा. सवय हाताबाहेर गेली असेल तर समुपदेशकाकडे जाण्यात विश्वासाची उणीव मुळीच नाही.

आणि ज्या रात्री पडाल, तिच्या दुसऱ्या दिवशीची प्रार्थना चुकवू नका. आपल्यासारखीच परीक्षा झालेला, तरी निष्पाप राहिलेला प्रमुख याजक, म्हणजे येशू, आपल्याला आहे, म्हणून धैर्याने कृपेच्या राजासनाजवळ या, असे इब्री लोकांस पत्राचा चौथा अध्याय सांगतो, आणि ते बोलावणे गरजेच्या वेळेसाठीच आहे.